राजाचे अपेंडिक्स आणि सर्जनची लेक

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या नावातला ‘ई’ म्हणजे इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड. या राजाचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी लंडनमध्ये ठरला होता. देशोदेशीचे पाहुणे येऊन पोचले होते आणि रस्ते सजले होते. पण समारंभाला दोन दिवस उरले असताना राजाला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवावे लागले. कारण होते पोटदुखी. ज्यांनी सुरी हातात घेतली त्या सर्जनचे नाव सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज. अचानक उठणाऱ्या पोटदुखीत कधी थांबायचे आणि कधी थांबायचे नाही, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याला शेवटपर्यंत चिकटून राहिला. तो आजही प्रत्येक घरात, प्रत्येक अपघात विभागात रोज उभा राहतो.

कारागिराचा मुलगा

ट्रीव्ह्ज यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५३ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टर गावी झाला. वडील खुर्च्या-कोचांना गादी आणि कापड चढवण्याचा व्यवसाय करीत. शिक्षणासाठी मुलगा लंडनला गेला आणि लंडन हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. हे रुग्णालय शहराच्या गरीब पूर्व भागात होते. गोदीतले हमाल, कारखान्यांतले मजूर, झोपडपट्टीतल्या बाया-मुले अशी तिथे रोजची गर्दी असे. शस्त्रक्रिया शिकायला याहून मोठी शाळा नव्हती.

त्यांची खरी आवड शरीररचनाशास्त्राची. शंभर मृतदेहांची पोटे उघडून त्यांनी आतड्यांची लांबी, वळणे आणि त्यांना धरून ठेवणारे पडदे यांचा अभ्यास केला. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तिथल्या एका घडीला आजही ट्रीव्ह्ज यांचे नाव आहे. आतड्याला पडणारी अडी, म्हणजे आतडे बंद होणे, या विषयावरच्या त्यांच्या प्रबंधाला १८८३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे पारितोषिक मिळाले. ‘हत्तीमानव’ म्हणून जत्रेत दाखवल्या जाणाऱ्या जोसेफ मेरिक या विद्रूप तरुणाला रुग्णालयात कायमचा आसरा मिळाला, तो याच ट्रीव्ह्ज यांच्यामुळे. सामान्य वाचक त्यांना ओळखतो तो बहुधा या गोष्टीमुळे. सर्जन मात्र त्यांना पोटासाठी ओळखतात.

उजव्या कुशीतले कोडे

त्या काळी उजव्या बाजूला खाली दुखून ताप येई, गोळा होई आणि माणूस दगावे. या आजाराचे मूळ मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आहे, असे डॉक्टर समजत. उपचार म्हणजे अफू, शेक आणि वाट पाहणे. कुणी एरंडेलही देत.

१८८६ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी शवविच्छेदनांच्या नोंदी गोळा करून दाखवून दिले, की या आजाराचे मूळ बहुतेक वेळा आंत्रपुच्छात, म्हणजे अपेंडिक्समध्ये असते. ते फुटले की पू पोटभर पसरतो, म्हणून लवकर ऑपरेशन करावे, असे त्यांनी सांगितले. १८८९ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी बेंबी आणि उजव्या बाजूचे कमरेचे हाड यांच्यामधली नेमकी दुखरी जागा वर्णन केली. ती ‘मॅकबर्नी पॉइंट’ म्हणून प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी आजही बोटाने दाबून पाहतो.

ट्रीव्ह्ज यांचे मत वेगळे होते. १८८७ मध्ये त्यांनी वारंवार असे दुखणे येणाऱ्या एका रुग्णाचे पोट दुखणे शमल्यानंतर उघडले आणि चिकटलेले भाग सोडवून अपेंडिक्स सरळ केले. तेव्हापासून ते सांगत राहिले, की दुखणे जोरात असताना सुरी लावू नये. बहुतेक झटके आपोआप ओसरतात. ते ओसरू द्यावेत, पू एका जागी साचला तर तो काढावा आणि अपेंडिक्सचे ऑपरेशन मागाहून शांतपणे करावे. त्या काळी प्रतिजैविके नव्हती, रक्त चढवण्याची सोय नव्हती. घाईने केलेल्या ऑपरेशनमध्ये रोगी दगावत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे हे मत अडाणीपणाचे नव्हते. पण त्यात एक फट होती. कोणाचे दुखणे ओसरणार आणि कोणाचे अपेंडिक्स फुटणार, हे आधी कसे ओळखायचे?

१९०० : घरातलाच रुग्ण

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. ट्रीव्ह्ज तिथल्या फील्ड हॉस्पिटलमध्ये गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करून १९०० मध्ये परतले. त्याच वर्षी त्यांची धाकटी मुलगी हेटी अपेंडिक्स फुटून वारली. ती १८ वर्षांची होती. पोटात सगळीकडे पू पसरल्यावर त्या काळच्या शस्त्रक्रियेच्या हातात फारसे काही उरत नसे. या आजारावर इंग्लंडमध्ये ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, त्यांच्याच घरात तो आजार शिरला आणि जिंकला.

१९०२ : राजवाड्यातला रुग्ण

दोन वर्षांनी, १४ जून १९०२ रोजी, साठीच्या राजाच्या पोटात दुखू लागले. उजवीकडे खाली गोळा लागला, ताप आला. मग काही दिवस बरे वाटले, ताप उतरला, गोळाही कमी झाल्यासारखा वाटला. समारंभ होईल अशी आशा सगळ्यांना वाटली. राजा लंडनला आला आणि २३ तारखेला दुखणे पुन्हा उसळले. रुग्ण लठ्ठ, सिगारचा आणि भरपेट जेवणाचा शौकीन. म्हणजे भूल आणि सुरी दोन्ही धोक्याच्या. त्यातून राज्याभिषेक काही झाले तरी होणार, असा त्याचा हट्ट. तसे केले तर जिवंत परतणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे लागले. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांच्याशीही सल्लामसलत झाली.

२४ जूनला दुपारी बकिंगहॅम राजवाड्यातल्याच एका खोलीत ट्रीव्ह्ज यांनी राजाचे पोट उघडले. खोलवर पुवाचा साठा लागला. त्यांनी तो मोकळा केला, पू वाहून जाण्यासाठी नळी ठेवली आणि अपेंडिक्स न काढताच ते थांबले. राजा वाचला. ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला, ट्रीव्ह्ज यांना बॅरोनेट हा किताब मिळाला, आणि अपेंडिक्स हा शब्द घराघरांत पोचला.

आजार एकच, मग मुलगी गेली आणि राजा वाचला, हे कसे? अपेंडिक्स हे करंगळीएवढे, एका टोकाला बंद असलेले नळीसारखे इंद्रिय. घट्ट मळाचा खडा किंवा आतल्या पेशींची सूज यांनी त्याचे तोंड बंद झाले की आत दाब वाढतो, जंतू वाढतात आणि भिंत सडू लागते. अशा वेळी पोटातली चरबीची चादर आणि शेजारची आतडी तिथे चिकटून कुंपण घालतात. कुंपण टिकले तर पू एका जागी कोंडतो. राजाचे तसे झाले. कुंपण पडण्याआधीच भिंत फुटली तर पू साऱ्या उदरावरणात पसरतो. कुठल्या शरीरात काय होईल, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणूनच पुढच्या काळात थांबण्याचे मत मागे पडले आणि लवकर निदान, लवकर ऑपरेशन हा नियम झाला.

पन्नाशीतच ट्रीव्ह्ज यांनी शस्त्रक्रिया सोडली. त्यांनी जगभर प्रवास केला, हिंदुस्थानही पाहिला आणि प्रवासवर्णने लिहिली. १९२३ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. त्यात एका तरुण सर्जनची कथा आहे. तो स्वतःच्या बायकोचे अपेंडिक्सचे ऑपरेशन स्वतःच करतो आणि ती दगावते. त्याच वर्षी ७ डिसेंबरला स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ट्रीव्ह्ज वारले. मृत्यूचे कारण होते उदरावरणाचा दाह.

आज काय लक्षात ठेवायचे?

अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते. बेंबीच्या कातडीची आणि अपेंडिक्सची संवेदना मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर पोचते, म्हणून मेंदूची फसगत होते. काही तासांनी सूज उदरावरणाला भिडली की दुखणे उजवीकडे खाली सरकते. भूक जाते, मळमळते, उलटी होते, बारीक ताप येतो, खोकताना किंवा गाडीच्या हादऱ्याने कळ येते. मात्र लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात हे चित्र असे पाठ्यपुस्तकासारखे दिसतेच असे नाही.

शिवाय प्रत्येक पोटदुखी म्हणजे अपेंडिक्स नव्हे. पित्ताशयातले खडे, मूतखडा, फुटलेला अल्सर, स्वादुपिंडाची सूज, आतड्याला पीळ, अंडाशयाला किंवा वृषणाला पीळ, गर्भनलिकेतली गर्भधारणा, आणि हृदयविकाराचा झटकासुद्धा पोटदुखी होऊनच समोर येऊ शकतो. म्हणून डॉक्टर पाळीची तारीख विचारतात, लघवी तपासतात, ईसीजी काढतात. त्यात त्यांचा वेळकाढूपणा नसतो. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमुळे निदान सोपे झाले असले, तरी पोटावर ठेवलेला हात आणि काही तासांनी केलेली फेरतपासणी यांची जागा अजून कोणी घेतलेली नाही. अपेंडिक्स फुटलेले नसेल तर निवडक रुग्णांत नुसत्या प्रतिजैविकांनीही भागते. पण तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी घ्यायचा, घरी नाही.

ब्रिटिश सर्जन झॅकरी कोप यांनी १९२१ मध्ये एक साधा ठोकताळा सांगितला. चांगल्या धडधाकट माणसाचे पोट अचानक जोरात दुखू लागले आणि सहा तासांनंतरही थांबले नाही, तर ते बहुधा सर्जनने पाहण्याचे दुखणे असते. पण पोट लाकडासारखे कडक होणे, चक्कर येणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी, शौच व वायू दोन्ही बंद होणे, पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात कळ, यांपैकी काही असेल तर सहा तासही थांबू नये.

तोवर जुलाबाचे औषध किंवा एनिमा घेऊ नये, पोट चोळू नये. रुग्णालयात जाईपर्यंत काही खाऊ नये. दुखणे असह्य असेल तर डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक घ्यायला हरकत नाही. त्याने निदान बिघडते ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. आणि जोरात दुखणारे पोट एकाएकी हलके झाले, तर लगेच निर्धास्त होऊ नये. फुटलेले अपेंडिक्सही थोडा वेळ असाच आराम देते. त्या वेळी अंथरुणावर आडवे न होता रुग्णालय गाठावे.