बर्लिनची विद्यार्थिनी : डॉ. इरावती कर्वे

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा एवढ्या विदुषीच्या विद्वत्तेविषयी मी काय बोलणार? पण 'युगान्त' आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचले आहे. कुंती, गांधारी, द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून उतरवून आपल्याशेजारी बसविणाऱ्या या बाई विशी-पंचविशीत एकट्या बर्लिनला शिकायला गेल्या होत्या. तिथे त्यांनी जे केले ते फारशा जणींना ठाऊक नाही. म्हणून मी त्याच दिवसांबद्दल अधिक लिहिणार आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील करमरकर तिकडे नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीच्या नावावरून मुलीचे नाव इरावती ठेवले. शिक्षणासाठी तिला सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडले. सात वर्षांची पोर, आईबाप समुद्रापलीकडे! पण शाळेत शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि तिच्या घरच्यांनी इरावतीला आपल्याच घरी नेले. घर होते रँग्लर परांजपे यांचे. पुस्तके, वाद, देव मानावा की न मानावा याची चर्चा, असे सगळे त्या घरी जेवणाच्या पाटावर चाले. मुलीच्या डोक्याला खाद्य मिळाले ते तिथे.

१९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. पुढे मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून एम. ए. झाल्या. दरम्यान दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवीत. म्हणजे इरावतीबाई महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या सून झाल्या.

आता इथे जरा थांबते. अण्णासाहेबांचे नाव उच्चारले की आपण हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. हिंगण्याच्या माळरानावर विधवांसाठी आश्रम काढणारे, १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन करणारे, मुठी-मुठीने निधी जमविणारे हे गृहस्थ. दुसऱ्याची मुलगी शिकावी म्हणून ज्यांनी उभा जन्म वेचला, त्यांच्याच घरातली सून जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करीन म्हणाली, तेव्हा त्यांना ते पसंत पडले नाही. दिनकरराव स्वतः जर्मनीत लाइपझिग येथे शिकून आले होते. मुलाने जाऊन यावे ते चालले, सुनेचे मात्र अडले. मी हे कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. सभेत एक बोलणे आणि घरात दुसरे, असे तर अण्णांचे मुळीच नव्हते. पण घरातली बाई उंबऱ्याबाहेर किती लांब जावी याचे माप भल्याभल्यांच्या मनात ठरलेले असते आणि ते त्यांचे त्यांनाही दिसत नाही, एवढे मात्र मला वाटते.

सासऱ्यांची संमती नाही, म्हणजे पैशाची वाट बंद. पण यजमान ठामपणे पाठीशी उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले. (हेच पुढे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.) अशा रीतीने इरावतीबाई बोटीने युरोपकडे निघाल्या. उसने पैसे घेऊन परमुलुखात शिकणे म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. नापास होऊन परत येण्याची सोयच नसते.

तो काळ १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीचा. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला होता. हिटलर सत्तेवर यायला अजून काही वर्षे होती. बर्लिनच्या विद्यापीठाची दारे स्त्रियांना १९०८ पासून उघडी झाली होती, म्हणजे तिथेही बाईचे शिकणे फार जुने नव्हते. बाईंनी नाव घातले मानववंशशास्त्रात. शहराच्या डालेम या भागात त्याची एक संस्था १९२७ सालीच नव्याने उघडली होती. तिचे प्रमुख प्रो. ऑयगेन फिशर हे बाईंचे मार्गदर्शक. युरोपात त्यांचा मोठा दबदबा. माणसांचे वंश वेगवेगळे, त्यांत काही वरचे आणि काही खालचे, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती समजूत ते शास्त्र म्हणून शिकवीत.

या फिशरसाहेबांनी हिंदुस्थानातून आलेल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी काम दिले ते कवट्या मोजण्याचे. त्यांचे म्हणणे असे की, गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्यामुळे त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि हेच त्याच्या अधिक बुद्धीचे लक्षण. इतर वंशांच्या कवट्यांत हा फरक नसावा, असा त्यांचा होरा. बाईंनी मोजून तो सिद्ध करावयाचा होता. आता पाहा, ही विद्यार्थिनी स्वतः गोरी युरोपीय नव्हे. सिद्ध करावयाचे ते एका अर्थी आपण स्वतः उण्या असल्याचेच! आणि पदवी द्यायची की नाही हे ठरविणार फिशरसाहेब.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, तशा आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. एकेक कवटी घ्यायची, तिची डावी बाजू मोजायची, उजवी मोजायची, आकडा मांडायचा, की पुढची. ज्यांनी शिवणकाम केले आहे त्यांना हे लवकर समजेल. ब्लाउज बेतताना आपण माप घेतो तेव्हा कोणाचाही उजवा खांदा डाव्याशी तंतोतंत जुळत नाही. मग बाई गोरी असो, सावळी असो, बंगल्यातली असो की चाळीतली. बाईंच्या आकड्यांनीही तेच सांगितले. डाव्या-उजव्यातला फरक सगळीकडे होता, आणि त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नव्हता. गोऱ्यांची कवटी निराळी नव्हती.

त्या कवट्यांबद्दल वाचताना माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. ती १४९ माणसेही कोणाची तरी मुले, कोणाच्या तरी आया असतील. आफ्रिकेतून जी आणली गेली, त्यांच्या घरच्यांना कोणी विचारून नेले नसणार.

अशा वेळी विद्यार्थ्याने काय करावे? दोन-चार आकडे इकडचे तिकडे करता आले असते. निदान निष्कर्ष गुळमुळीत लिहिता आला असता. डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांची नाराजी, समोर नावाजलेला गुरू. परत गेल्यावर पदवी दाखवावयाची होती. बाईंनी जे मोजले तेच लिहिले. जर्मन भाषेत, मनुष्याच्या कवटीच्या स्वाभाविक विषमतेवर, त्यांचा प्रबंध तयार झाला. फिशरसाहेबांचा होरा त्यात टिकला नाही. प्रबंध त्यांना मंजूर करावा लागला, श्रेणी मात्र त्यांनी खालचीच दिली. १९३१ साली तो छापूनही निघाला.

फिशरसाहेबांनी आपले मत बदलले नाही. हिटलर आल्यावर १९३३ साली ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्यांच्या संस्थेने त्या राजवटीच्या वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा आधार पुरविला, आणि त्यातून काय झाले ते सगळे जग जाणते. युद्धाच्या काळात छळछावणीत मारलेल्या माणसांचे अवयवसुद्धा तपासणीसाठी या संस्थेत पाठविले जात. संस्था युद्धाबरोबर संपली. तिची इमारत पुढे बर्लिनच्या दुसऱ्या एका विद्यापीठाकडे आली. २०१४ साली त्या इमारतीजवळ खोदकाम करताना जमिनीत माणसांची हाडे सापडली. त्यांची सन्मानाने मूठमाती झाली ती २०२३ साली. बाई ज्या रस्त्याने रोज अभ्यासाला जात असतील, त्याच परिसरातली ही गोष्ट.

१९३० साली इरावतीबाई परत आल्या. आल्यावर पहिली मोठी नोकरी कुठे केली म्हणाल, तर सासऱ्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठातच, रजिस्ट्रार म्हणून! अण्णांना पुढे दीर्घायुष्य लाभले, १९५८ साली भारतरत्न मिळाले, आणि सुनेने त्यांच्यावर लेखही लिहिला. त्यात त्यांचा मोठेपणा आहे, तसेच त्या मोठेपणापायी घरच्यांना काय सोसावे लागले तेही आहे. ती मोजमापाची सवय सासऱ्यांच्या बाबतीतही सुटली नाही म्हणावयाची.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांची मापे घेतली, रक्त तपासले. बर्लिनला शिकलेली विद्या टाकून दिली नाही, पण ती घेऊन वर कोण आणि खाली कोण हे ठरवीत बसल्या नाहीत. एकाच नावाच्या जातीतले गटसुद्धा मापांनी एकमेकांसारखे नसतात, असे त्यांनी दाखविले. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, आणि विठ्ठलाचे नाव घेणाऱ्यांच्या पंगती जातवार वेगळ्या बसतात हे पाहून कष्टी झाल्या, तेही लिहून ठेवले. १९६८ साली 'युगान्त'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

घरात त्या नवऱ्याला सरळ दिनू म्हणत. पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी त्या एक. त्या काळी शेजारणी काय म्हणाल्या असतील ते आपण ओळखू शकतो! पण याच बाईंचा 'परिपूर्ती' हा लेख वाचा. एका समारंभात त्यांची ओळख करून देताना वडिलांची मुलगी, महर्षींची सून, अमक्यांची पत्नी असे सगळे सांगितले जाते, आणि तरी काहीतरी राहिले असे त्यांना वाटत राहते. मग रस्त्यात शाळेची पोरे भेटतात आणि आपल्या वर्गातल्या मुलाची आई चालली आहे, असे एक पोर दुसऱ्याला दाखविते. त्यावर बाई खूश होतात. आमच्या वाचनवर्गात हा लेख वाचला तेव्हा निम्म्या जणींना तो फार आवडला आणि निम्म्या जणी चिडल्या. बर्लिनच्या डॉक्टरेटचे काय, असे त्यांचे म्हणणे. मला स्वतःला वाटते, बाई तिथे थोड्या हसत होत्या, स्वतःला आणि आपल्यालाही.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. मंडळाच्या कपाटात त्यांची 'युगान्त', 'परिपूर्ती' आणि 'भोवरा' ही तीन पुस्तके आहेत. पैकी 'भोवरा' सध्या कोणाकडे आहे ते नोंदवहीत नीट लिहिलेले नाही. ज्या भगिनीकडे असेल तिने कृपया परत करावे, तीन जणी वाट पाहत आहेत.