केशवरावांचे घर

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांपासून कोल्हापूर दूर खरे. पण तिथल्या केशवराव भोसले नाट्यगृहाची आग वऱ्हाडालाही चटका लावून गेली. केशवरावांनी गाजवलेल्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’चे नाटककार आमच्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी!

केशवरावांचा जन्म कोल्हापुरात, ९ ऑगस्ट १८९० चा. घरची गरिबी, पोरवयातच नाटक कंपनीत गेले आणि ‘शारदा’ होऊन गाऊ लागले. १९०८ मध्ये, मिसरूडही धड फुटले नसेल तेव्हा, हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. वझेबुवांची तालीम घेतली. हुंड्यावर कोरडे ओढणारे मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ रंगभूमीवर आणण्याचे धाडसही त्यांचेच.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व! तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये खासबागेशेजारी उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते जळाले. छप्पर कोसळले, रंगमंच गेला. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. नाट्यगृह पूर्वीसारखेच बांधायचे ठरले. पूर्वीसारखे म्हणजे नुसत्या कमानी नव्हेत. केशवराव माइकशिवाय गात. तसे गाणे शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंना पुन्हा ऐकू आले पाहिजे.