विश्लेषण : ‘चार्म’ मेसॉनच्या शोधात होमी भाभा कुठून आले?

होमी भाभा म्हटले की अणुऊर्जा आठवते. पण ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला. घरच्यांची इच्छा जमशेदपूरची, त्यांचे मन भौतिकशास्त्रात. (इंजिनीअर झालेल्या अनेकांना हे ओळखीचे वाटेल.)

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळल्यावर कसे विखुरतात, याचे त्यांचे गणित १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेच ‘भाभा स्कॅटरिंग’. अल्पायुषी कण प्रचंड वेगात असेल तर सापेक्षतेमुळे तो आपल्याला जास्त काळ टिकलेला दिसेल, हेही त्यांनी १९३८ मध्ये दाखवले. ‘मेसोट्रॉन’ऐवजी ‘मेसॉन’ म्हणावे, हा आग्रहही त्यांचाच.

महायुद्धामुळे ते भारतातच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टीआयएफआर उभारली. मरोळ नाक्यावरून मेट्रोने कफ परेडला उतरलात की पुढे कुलाब्यात. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघातात ते गेले. चार्म क्वार्क सापडला १९७४ मध्ये.

आज जपानमधल्या बेल-२ प्रयोगात टीआयएफआरचेही शास्त्रज्ञ आहेत. तिथे चार्म क्वार्क असलेले डी मेसॉन कशाकशात मोडतात, हे तपासले जाते. त्यातल्या डी-शून्यचे आयुष्य सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या निम्म्याहून कमी! वेगामुळेच तो मोडण्याआधी मोजण्याइतके अंतर कापतो. दोन म्युऑनमध्ये मोडण्यासारखी अतिदुर्मीळ घटना अपेक्षेपेक्षा जास्त दिसली, तर प्रचलित सिद्धान्तापलीकडे काहीतरी आहे. पण ‘जास्त’ ठरवायला टकरींचा हिशेब पक्का हवा. तो लावताना शास्त्रज्ञ भाभा स्कॅटरिंगच्या घटना मोजतात.