संप केला म्हणून कोर्टाचा अवमान

मैत्रिणींनो, जमिनीचा वाद कोर्टात गेला की कधीकधी कोर्ट त्यावर रिसीव्हर नेमतं. बायकांची प्रकरणं घेऊन जाताना आमच्या आण्याच्या पठारावर मी हा शब्द खूपदा ऐकलाय. रिसीव्हरच्या कामात आडवं गेलं की तो कोर्टाचाच अवमान! अमेरिकेत संप मोडताना हेच तत्त्व वापरलं गेलं.

युजीन डेब्स १८५५ साली इंडियाना राज्यात जन्मले. चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेत लागले. १८९३ मध्ये त्यांनी रेल्वे कामगारांची युनियन काढली. त्याच सुमारास रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कंपनीच्या घरांचं भाडं तेवढंच ठेवलं. जेनी कर्टिस या शिवणकाम करणाऱ्या मुलीला तर वारलेल्या वडिलांचं थकलेलं भाडंही भरावं लागत होतं. तिने ते युनियनच्या अधिवेशनात उभं राहून सांगितलं. मला तीही डेब्स यांच्याइतकीच मोठी वाटते. मग युनियनने पुलमनच्या डब्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं.

काही रेल्वे तेव्हा कर्जापायी रिसीव्हरच्या ताब्यात होत्या. सिनसिनाटीत अशाच एका रेल्वेवर डेब्स यांचे सहकारी फेलन यांनी संप घडवला. न्यायाधीश टाफ्ट यांनी त्यांना अवमानाबद्दल सहा महिने दिले. शिकागोच्या कोर्टाचा मनाई हुकूम मोडला म्हणून डेब्स यांनाही तेवढेच. अशा खटल्यात ज्यूरी नव्हती. ज्याचा हुकूम मोडला, त्यानेच शिक्षा ठोठवायची!

१९१२ मध्ये टाफ्ट आणि डेब्स दोघेही राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. दोघेही पडले. १९२० मध्ये युद्धविरोधी भाषणाबद्दल तुरुंगात असतानाच डेब्स पुन्हा उभे राहिले, नऊ लाखांवर मतं मिळाली. १९२१ च्या नाताळात ते सुटले आणि १९२६ मध्ये वारले.