सावित्रीमाईंचे घर

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना गुरू मानले. त्या जोतीरावांच्या घरात विद्या कशी नांदली, ते पाहू.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० साली लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हते. पतीनेच त्यांना शिकविले. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. तेथे त्या शिक्षिका झाल्या. अंगावर शेण-चिखल झेलीत त्या शाळेत जात. या कार्यापायी दोघांना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह निघाला. पोटी मूल नव्हते. एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे त्यांनी स्वतः धरले.

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही लागण झाली व १० मार्चला त्या गेल्या.

कनेरगाव नाक्याच्या बंधू-भगिनींनो, माईंच्या घरी नवऱ्याने बायकोला शिकविले. आपल्या घरी आईला अक्षर येत नसेल, तर आज संध्याकाळी लेकीने पाटी घेऊन तिच्याजवळ बसावे.