थर्मोचे प्रोफेसर झाले पंतप्रधान

थर्मोडायनॅमिक्सचा पेपर म्हटलं की आपल्या होस्टेलवर शांतता पसरते. पण हाच विषय शिकवणारे एक प्रोफेसर इराणच्या इस्लामी प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले होते. त्यांचं नाव मेहदी बाझरगान.

व्यापाऱ्याचा मुलगा. सरकारी स्कॉलरशिपवर पॅरिसला जाऊन इंजिनिअर झाला, पण नमाज सुटला नाही. परत आल्यावर तेहरान विद्यापीठात इंजिनिअरिंग विभागाचे ते डीन झाले. १९५१ साली पंतप्रधान मोसादेघ यांनी ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातलं तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं. तेव्हा अबादानची अवाढव्य रिफायनरी ताब्यात घ्यायला बाझरगानच गेले. १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने मिळून मोसादेघ यांना उलथवलं. त्यानंतर बाझरगान शहाच्या विरोधात उभे राहिले, तुरुंगातही गेले.

फेब्रुवारी १९७९ मध्ये अयातुल्ला खोमेनींनी त्यांना हंगामी पंतप्रधान केलं. खुर्ची मिळाली, पण सत्ता काही मिळाली नाही. क्रांतिकारी न्यायालयं परस्पर फाशी देत होती, गल्लोगल्लीच्या समित्या परस्पर लोकांना पकडत होत्या. सरकार यांचं, पण ऐकतंय कोण? देशाच्या नावात 'लोकशाही' हा शब्द असावा अशी त्यांची इच्छा होती. खोमेनींनी ती साफ नाकारली. घटनेच्या पहिल्या मसुद्यात धर्मगुरूला सर्वोच्च स्थान नव्हतं. पण पुढे धर्मगुरूंचं बहुमत असलेल्या सभेने ते घातलं. म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि संसद लोकांनी निवडायची, पण सैन्य सर्वोच्च नेत्याच्या हाती आणि शेवटचा शब्दही त्याचाच.

परराष्ट्र धोरणात बाझरगान यांचा हिशेब सरळ होता. हवाई दलाची विमानं अमेरिकन, मग स्पेअर पार्ट्स कुठून आणणार? भांडण तुटेपर्यंत ताणायचं नाही. १ नोव्हेंबर १९७९ ला अल्जिअर्समध्ये ते अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांना भेटले. पण तेव्हा शहा अमेरिकेत उपचार घेत होता आणि १९५३ कोणी विसरलं नव्हतं. तेहरानमध्ये संताप उसळला. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी अमेरिकन वकिलातीत घुसून लोकांना ओलीस धरलं. गंमत म्हणजे, त्यांच्या म्होरक्यांत इंजिनिअरिंगची मुलं होती! खोमेनींनी त्यांची पाठ थोपटली आणि दोन दिवसांत बाझरगान यांचं सरकार गेलं. ५२ ओलीस तब्बल ४४४ दिवस अडकले.

अनेकजण त्यांना दुबळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. ते देश सोडून पळाले नाहीत. खासदार झाले, आणि १९८२ मध्ये खोर्रमशहर परत मिळाल्यावर इराकशी युद्ध थांबवा, असं उघड सांगत राहिले. त्या काळात असं बोलायला छाती लागत होती. युद्ध १९८८ पर्यंत चाललं. १९८५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला, तो पालक परिषदेने बाद केला. २० जानेवारी १९९५ ला स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.