निर्वासितांसाठी सही करणारा वाणिज्यदूत

सोझा आणि मेंडिस ही आडनावे वसई-गोव्याच्या ख्रिस्ती वाचकाला घरचीच वाटतील. परंतु ही दोन्ही आडनावे लावणाऱ्या आरिस्टिडिस डि सोझा मेंडिस या पोर्तुगीज अधिकाऱ्याची ओळख आपल्याकडे फारशी नाही. आम्ही धर्मगुरू मंडळी बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या दाखल्यांवर नित्य सह्या-शिक्के करीत असतो. एखादा दाखला मिळाला नाही म्हणून कोणाचे काम कसे अडते, हे आम्ही जवळून पाहतो. मेंडिस यांच्या दारात जे लोक उभे होते, त्यांचा मात्र कागदावाचून जीवच जाणार होता.

१९ जुलै १८८५ रोजी पोर्तुगालमधील काबानास दि विरियातो या गावी एका न्यायाधीशाच्या घरी त्यांचा जन्म झाला. सेझार हा त्यांचा जुळा भाऊ. दोघांनीही कोईंब्रा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले आणि दोघेही परराष्ट्र सेवेत दाखल झाले. पुढे सेझार काही काळ देशाचे परराष्ट्रमंत्रीही होते. आरिस्टिडिस यांचा विवाह आंजेलिना यांच्याशी झाला व त्यांना चौदा अपत्ये झाली. झांजिबार, ब्राझील, अमेरिका, बेल्जियम असा त्यांचा नोकरीचा प्रवास झाला. झांजिबारमध्ये त्या काळी गोमंतकीय ख्रिस्ती समाजाची चांगली वस्ती होती. मेंडिस श्रद्धाळू कॅथलिक होते, पण निर्दोष नव्हते. कर्ज, वरिष्ठांशी खटके आणि एक विवाहबाह्य संबंध हेही त्यांच्या चरित्राचे भाग आहेत व ते झाकून ठेवण्यात आम्हांला स्वारस्य नाही.

१९३८ साली ते फ्रान्समधील बोर्दो येथे वाणिज्यदूत म्हणून रुजू झाले. पोर्तुगालची सत्ता तेव्हा सालाझार यांच्या हाती होती. याच राजवटीचा अंमल आपल्या गोव्यावर १९६१ पर्यंत होता. परराष्ट्र खातेही सालाझार यांनी स्वतःकडेच ठेवले होते. ११ नोव्हेंबर १९३९ रोजी या खात्याने चौदा क्रमांकाचे परिपत्रक काढले. ज्यांचे राष्ट्रीयत्व अनिश्चित वा वादग्रस्त आहे असे लोक, राष्ट्रहीन लोक, मायदेशातून हाकलले गेलेले यहुदी, तसेच नान्सेन पासपोर्ट बाळगणारे यांना लिस्बनच्या पूर्वपरवानगीशिवाय व्हिसा देऊ नये, असा त्याचा आशय होता. नान्सेन पासपोर्ट म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने देशहीन झालेल्या निर्वासितांना मिळू लागलेला ओळखीचा दस्तऐवज. निर्वासिताला आधार म्हणून दिलेला तो कागदच आता त्याला अडवण्याचे कारण ठरला.

या कागदांची साखळी मोठी विचित्र होती. फ्रान्समधून निघायचे तर तेथील बहिर्गमनाचा परवाना हवा. स्पेनमधून जायचे तर स्पेनचा प्रवासी व्हिसा हवा, आणि पोर्तुगालचा व्हिसा असल्याशिवाय स्पेन तो देत नसे. पोर्तुगालला पुढच्या देशाचा व्हिसा व बोटीचे तिकीट पाहायचे असे. अमेरिकेचा व्हिसा मागावा तर तेथे कोणीतरी आर्थिक हमी घेणारा लागे आणि उत्तर यायला महिने लागत. एक कागद हाती येईपर्यंत आधीच्याची मुदत संपून जाई. या साखळीतील एक कडी मेंडिस यांच्या टेबलावर होती.

परिपत्रक निघाल्यावर लगेच त्यांनी एका ऑस्ट्रियन प्राध्यापकाला आणि नंतर एका स्पॅनिश डॉक्टरला परवानगीवाचून व्हिसा दिला. त्याबद्दल त्यांना लेखी ताकीदही मिळाली. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले, फ्रेंच सरकार बोर्दोला आले आणि त्यामागून हजारो निर्वासितही. गारोन नदीकाठच्या वाणिज्य कचेरीच्या जिन्यांवर माणसे झोपू लागली. पोलंडमध्ये जन्मलेले रब्बी हाइम क्रुगर हे पत्नी व पाच मुलांसह बेल्जियमहून पळून आले होते. मेंडिस यांनी त्यांना व त्यांच्या कुटुंबाला व्हिसा देऊ केला, पण बाहेरच्या आपल्या बांधवांना सोडून एकट्याने तो घेण्यास रब्बींनी नकार दिला. हा नकार मेंडिस यांच्या जिव्हारी लागला असावा. दोन-तीन दिवस ते अंथरुणाला खिळून होते. १७ जून रोजी ते उठले आणि राष्ट्र, वंश वा धर्म न पाहता सर्वांना व्हिसा देण्याचा निर्णय त्यांनी जाहीर केला.

मग घरातच जणू कारखाना सुरू झाला. मुलगे, पुतण्या, रब्बी क्रुगर असे सारे कामाला लागले. कोणी पासपोर्ट गोळा करी, कोणी शिक्का मारी. वेळ वाचावा म्हणून मेंडिस पूर्ण सहीऐवजी नुसते आडनाव लिहू लागले. शुल्क घेणे बंद झाले आणि पुढे सर्वांची नावे नोंदवहीत उतरवणेही सुटले. म्हणूनच एकूण किती व्हिसा दिले गेले हे आज नेमके सांगता येत नाही. तीस हजारांचा आकडा वारंवार दिला जातो, पण अनेक इतिहासकारांना तो मान्य नाही. आमच्या मते, आकडा लहान ठरला म्हणून त्या सह्यांचे मोल कमी होत नाही. नंतर बायोन येथे जाऊन तेथल्या कचेरीतही त्यांनी हेच काम सुरू केले. लिस्बनने अखेर त्यांचे अधिकार काढून घेतले आणि स्पेनने त्यांचे व्हिसा नाकारण्यास सुरुवात केली.

मात्र जे सीमा ओलांडून गेले त्यांना पोर्तुगालने परत पाठवले नाही. फिगेरा दा फोझ, काल्दास दा राइन्या अशा गावांत त्यांच्या मुक्कामाची सोय झाली आणि तेथून ते पुढच्या व्हिसाची व बोटीची वाट पाहू लागले. या पाहुणचाराचे श्रेय नंतर सालाझार सरकारने घेतले. मेंडिस यांची मात्र विभागीय चौकशी झाली. ऑक्टोबर १९४० मध्ये एक वर्ष निम्म्या पगारावर कामाविना ठेवून पुढे सक्तीची निवृत्ती, अशी शिक्षा सालाझार यांनी ठरवली.

पुढची वर्षे ओढगस्तीची होती. हे कुटुंब लिस्बनमध्ये यहुदी समाजाने निर्वासितांसाठी चालवलेल्या भोजनालयात जेवत असे. मुलांना देशात भवितव्य उरले नाही व ती एकेक करून परदेशी गेली. दोघांचा जन्म कॅलिफोर्नियात झाला होता. त्या जन्मदाखल्याच्या बळावर ते अमेरिकन नागरिक होते आणि महायुद्धात अमेरिकन सैन्यात दाखल झाले. १९४५ मध्ये मेंडिस यांना पक्षाघाताचा झटका आला, १९४८ मध्ये आंजेलिना गेल्या. ३ एप्रिल १९५४ रोजी लिस्बनच्या फ्रान्सिस्कन इस्पितळात त्यांचे निधन झाले. कर्जापायी गावचा वाडाही हातचा गेला.

१९६६ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. पोर्तुगालच्या संसदेने १९८८ मध्ये त्यांना सेवेत मरणोत्तर पुनःस्थापित केले. १७ जून २०२० रोजीच्या सार्वजनिक भेटीत पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे स्मरण केले. २०२१ मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय पँथिऑनमध्ये त्यांच्या नावाची स्मृतिशिळा बसवली गेली. त्यांचे अवशेष मात्र तेथे हलवले नाहीत. ते काबानास दि विरियातोच्या दफनभूमीतच आहेत. कर्जात गेलेला तो वाडा २०२४ पासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला आहे.